नवी कातडी, नवा गुडघा : काय उगवतं आणि काय उगवत नाही?



"डॉक्टर, झिजलेला अवयव आता पुन्हा उगवतो म्हणे?" हा प्रश्न मला हल्ली आठवड्यातून एकदा तरी येतो. कुणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला असतो, कुणाच्या पुतण्याने परदेशातून बातमी पाठवलेली असते, कुणी पेपरमधली जाहिरात कापून फाइलमध्ये ठेवलेली असते. विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. गुडघ्यांनी बेजार झालेले, मधुमेहामुळे पायाची जखम महिनोन्‌महिने न भरलेले आणि घरातलं कुणी डायलिसिसवर असलेले.

ह्या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही. काही ऊती खरोखर उगवतात. काही अर्धवट उगवतात. काहींच्या बाबतीत आज तरी ते स्वप्नच आहे. हा फरक नीट कळला तर पैसा योग्य जागी लागतो आणि आशाही. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो, पण खोटी आशा तुटते तेव्हा माणूस खऱ्या उपचारावरचाही विश्वास गमावतो, हे मी बरेचदा पाहिलं आहे. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशन दुसरे करतात. मात्र टाके निघाल्यावर, बातमी जुनी झाल्यावर, माणूस ताप, खाज, बीपी, साखर घेऊन येतो तो माझ्याकडे. त्यामुळे ह्या शास्त्राकडे मी थोडा मागच्या दाराने पाहतो.

शरीराला जोडकाम येतं, पण घाई फार

भाजी चिरताना बोट कापलं तर चार दिवसांत जागा भरते. वरवर भाजलं तर नवी कातडी येते. कारण कातडीला दोन थर असतात. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या पेशी सतत नव्या तयार होत असतात. खालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. तिच्यात रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं असतात. वरचा थर गेला तरी केसांच्या मुळांशी त्याच्या पेशी शिल्लक असतात, आणि तिथून नवी त्वचा पसरते.

खालचा थरच जळून गेला तर मात्र बीही गेलं आणि जमीनही गेली. शरीर मग एकच गोष्ट करतं. भोक बुजवतं. उघडी जखम म्हणजे जंतूंना मोकळं दार, त्यामुळे शरीराला सुबकपणापेक्षा घाई जास्त. पावसात छप्पर गळायला लागलं की आपण कौलं शोधत बसत नाही, ताडपत्री ओढतो, तसंच. जखमेच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधे जाड, ताठर, चकचकीत वण तयार होतो. हा वण मानेवर असेल तर हनुवटी छातीला चिकटते, कोपरात असेल तर हात सरळ होत नाही.

म्हणजे प्रश्न असा आहे: ही घाई थोडी रोखून शरीराला नीट काम करायला अवधी देता येईल का? उती पुनर्निर्माणाचं सगळं शास्त्र ह्या एका प्रश्नाभोवती उभं आहे.

जळीत विभागातले ते दिवस

नव्वदच्या दशकात मी इंटर्न होतो, तेव्हा एका सरकारी रुग्णालयाच्या जळीत विभागात माझी ड्युटी होती. तिथे विशी-बाविशीतली एक मुलगी दाखल झाली. केसपेपरवर कारण होतं "स्टोव्हचा भडका". त्या काळात बहुतेक बायकांच्या पेपरवर तेच लिहिलेलं असायचं. निम्म्याहून थोडं जास्त अंग भाजलेलं आणि तेही खोलवर.

पहिले तीन दिवस ती सलाइनवर तगली. लोकांना वाटतं, भाजलेला माणूस आगीने दगावतो. प्रत्यक्षात पहिला धोका असतो अंगातलं पाणी झिरपून जाण्याचा. तो टळला की दुसरा मोठा धोका जंतुसंसर्गाचा. त्यावर खरा उपाय एकच. जळालेली कातडी लवकर काढायची आणि ती जागा झाकायची. झाकायची कशाने? रुग्णाच्याच मांडीची, पोटाची चांगली कातडी पातळ सोलून. पण निम्मं अंग भाजलेल्या माणसाकडे चांगली कातडी उरते किती? तीतही मांड्या भाजलेल्या असतील तर?

तिची आई वॉर्डाबाहेर बसून असायची. एके दिवशी तिने आमच्या सरांना विचारलं, "साहेब, माझी घ्या की. मला काय करायचीय आता?" सरांनी तिला समजावलं की दुसऱ्याची कातडी कायमची चिकटत नाही, दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती झिडकारतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "तेवढ्या दिवसांत पोरगी सावरंल का?" तिच्या दोन्ही मांड्यांची कातडी घेतली. ती लेकीच्या छातीवर आणि पोटावर बसली. त्या दहा-बारा दिवसांत मुलीचा ताप उतरला, ती थोडं जेवायला लागली. पण पाठ उघडीच होती. तिथून संसर्ग रक्तात गेला आणि तेविसाव्या दिवशी ती गेली.

मी नंतर मेडिसिनकडे वळलो, पण ह्या विषयावरचं काहीही दिसलं की आजही आधी वाचतो. त्या मुलीला औषधं कमी पडली नव्हती. तिला कमी पडलं होतं पांघरूण.

बॉस्टनमधली जोडी

हेच कोडं अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये जॉन बर्क नावाच्या सर्जनना पडलं होतं. ते भाजलेल्या मुलांवर उपचार करायचे. ते मदतीसाठी गेले एमआयटी ह्या तंत्रज्ञान संस्थेतल्या आयोनिस यानास ह्या प्राध्यापकांकडे. यानास हे मूळचे ग्रीसचे, डॉक्टर नव्हेत. तंतू आणि पॉलिमर हा त्यांचा विषय.

दोघांनी मिळून जे बनवलं ते ऐकायला फार साधं आहे. गायीच्या स्नायूबंधातलं कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक साखरेसारखा पदार्थ ह्यांचं मिश्रण. कोलॅजन म्हणजे आपल्या कातडीला, हाडाला, कंडरांना ताकद देणारं प्रथिन. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते ह्याच्यामुळेच. हे मिश्रण गोठवायचं आणि त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून काढून टाकायची. जिथे बर्फाचे कण होते तिथे भोकं उरतात. अनारशाला जाळी पडते तशी, पण फार बारीक. ही भोकं साधारण २० ते १२० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासची. ह्या जाळीवर वरून सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. तो पाणी आत धरतो आणि जंतूंना बाहेर ठेवतो.

जळालेली कातडी काढून त्या जागी ही जाळी बसवली की दोन-तीन आठवड्यांत खालून रक्तवाहिन्या आणि पेशी तिच्यात शिरतात. पेशी स्वतःचं नवं कोलॅजन विणतात आणि आणलेली जाळी हळूहळू विरघळून जाते. उरते ती रुग्णाची स्वतःची नवी अंतस्त्वचा. मग वरचं सिलिकॉन सोलून काढायचं आणि रुग्णाच्या अंगावरची अगदी पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी वर लावायची. इतकी पातळ कातडी घेतलेली जागा लवकर भरते आणि तिथूनच पुन्हा घेता येते. १९८१ साली त्यांनी १० रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. सगळे निम्म्याहून अधिक भाजलेले होते. १९९६ साली 'इंटेग्रा' ह्या नावाने ह्या जाळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

मला ह्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ह्या जाळीने शरीराची घाई कमी होते. जखम आक्रसण्याचा वेग मंदावतो आणि त्या सवडीत शरीर वणाऐवजी त्वचेच्या जवळपास जाणारी ऊती तयार करतं.

चांगली परांची कशी असते?

इंग्रजीत ह्या जाळीला स्कॅफोल्ड म्हणतात. आपल्याकडे इमारतीला बांबूची बांधतात ती परांची. मला स्वतःला स्लॅबखालच्या सेंट्रिंगची उपमा जास्त बरी वाटते. घर बांधलेल्या प्रत्येकाला ती कळते.

सेंट्रिंग लवकर काढलं तर स्लॅब खाली येतो. कायमचं ठेवलं तर त्या खोलीत राहता येत नाही. शरीरातल्या परांचीचंही तसंच. फार लवकर विरघळली तर पेशींना धरायला काही उरत नाही. फार काळ टिकली तर शरीर तिला परकी वस्तू मानून भोवती जाड कोश बांधतं.

दुसरी अट भोकांची. फार बारीक असतील तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असतील तर त्यांना धरायला पुरेशी जागा मिळत नाही. तिसरी अट ताकदीची. हाडाची परांची कडक हवी, कातडीची लवचीक. म्हणून दाताचे डॉक्टर जबड्याचं हाड भरायला जी पावडर वापरतात ती बहुधा कॅल्शियम-फॉस्फेटच्या जातीची असते, हाडातल्या खनिजासारखी. चौथी अट अशी की विरघळताना तिच्यातून विषारी काही निघता कामा नये.

एक गोष्ट रुग्ण संकोचाने विचारतात, किंवा विचारतच नाहीत. हे कोलॅजन कुठल्या प्राण्याचं? भारतात जखमेवर लावतात ती कोलॅजनची पत्रीही बहुधा प्राणिज असते. गाय-बैल, डुक्कर, मासे असे तिचे वेगवेगळे स्रोत आहेत. ज्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांनी आधीच, स्पष्ट विचारावं. बऱ्याचदा पर्याय असतो. जीव वाचवण्याच्या घाईत पर्याय नसेल, तर निदान निर्णय तुमचा असतो, जाणूनबुजून घेतलेला. डॉक्टरांनीही हे आपणहून सांगायला हवं असं माझं मत आहे.

पेशींची शेती

परांची हा अर्धा भाग. उरलेला अर्धा पेशींचा. १९७५ मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी बशीत वाढवण्याची रीत शोधली. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून काही आठवड्यांत अंग झाकण्याइतकी चादर वाढवता येते. १९८३ साली ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांवर ह्या रीतीने उपचार झाले आणि दोघे वाचले. २०१५ मध्ये जर्मनीत सात वर्षांच्या एका निर्वासित मुलावर उपचार झाले. जन्मजात आजाराने त्याची कातडी साध्या स्पर्शाने सोलली जायची. त्याच्याच पेशींमधला जनुकदोष सुधारून, त्यांची चादर वाढवून, अंगावरची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलण्यात आली. मुलगा पुढे शाळेत जायला लागला.

अडचणी आहेतच. चादर वाढायला तीन-चार आठवडे लागतात आणि ती फार नाजूक असते. त्या नव्या कातडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हाळ्यात असे रुग्ण माझ्याकडे येतात ते अंगाची लाही होतेय म्हणून. मोठ्या भागावर घामच येत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. त्यांना मी सांगतो, एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात कामाला जायचं नाही, ओला पंचा जवळ ठेवायचा, खाजेसाठी खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा. त्यांच्या घरच्यांनाही हे माहीत हवं.

डोळा, चुना आणि हैदराबाद

आपल्या देशाचं काम बघायचं असेल तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं बघा. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला मूळपेशींचं वर्तुळ असतं. त्या पेशी पडद्याचा वरचा थर आयुष्यभर नवा करत राहतात. आम्ल किंवा चुना डोळ्यात गेला की ह्या पेशी जळतात, पडदा पांढरा होतो आणि दृष्टी जाते. हैदराबादच्या डॉक्टरांनी निरोगी डोळ्यातून इवलासा तुकडा घेऊन त्या पेशी वाढवायला २००१ च्या सुमारास सुरुवात केली. त्यांनी परांची कुठली वापरली? बाळंतपणात वारेबरोबर येणारं पातळ आवरण, जे एरवी टाकून दिलं जातं. पुढे २०१२ मध्ये त्यांनी आणखी सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तुकड्याचे बारीक कण करून ते आवरणावर थेट डोळ्यातच पेरायचे. प्रयोगशाळा नको, खर्च कमी.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांत तंबाखूबरोबर चुन्याची पुडी किंवा डबी असते. लहान मूल ती दाबतं आणि चुना उडतो थेट डोळ्यात. आजोबांच्या खिशातली ती पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. उडालाच तर लगेच, तिथल्या तिथे, स्वच्छ पाण्याची धार धरून निदान अर्धा तास डोळा धुवा. दिसणारे चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापडाने अलगद काढा आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे धावा. दूध, तूप, मध काहीही घालू नका. मूळपेशींच्या उपचारापेक्षा बादलीभर पाणी जास्त मोलाचं आहे.

गाडी अडते कुठे?

कातडी जमते, डोळ्याचा पडदा जमतो, मग किडनी का नाही? उत्तर आहे रक्तपुरवठा. बहुतेक पेशी सगळ्यात जवळच्या केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब जगू शकत नाहीत. कातडीची जाळी पातळ असते, खालून रक्तवाहिन्या चढेपर्यंत ती तग धरते. डोळ्याचा पडदा तर रक्तवाहिन्यांशिवायच जगतो. किडनीसारखा जाड अवयव घडवायचा तर पहिल्या तासापासून त्याच्या आतपर्यंत रक्त पोचलं पाहिजे. तिथेच घोडं अडलं आहे.

ही गोष्ट आपल्या लोकांना फार पूर्वी ठाऊक होती. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत चित्रासह छापून आली. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. इथल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली फिरवून नवं नाक केलं. युक्ती अशी की कातडी पूर्ण कापायची नाही, देठ ठेवायचा. देठातून रक्त येत राहतं, म्हणून ती जगते. आज जगभरच्या प्रयोगशाळा शोधताहेत तोही देठच.

घाई केली की काय होतं त्याची दोन उदाहरणं सांगतो. अमेरिकेत अँथनी अटाला ह्यांनी २००६ मध्ये सात मुलांमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्राशयाचे निकाल प्रसिद्ध केले आणि जगभर बातम्या झाल्या. पुढे दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ मध्ये आले. मूत्राशयाची क्षमता अपेक्षेप्रमाणे सुधारली नव्हती आणि त्रासही झाले होते. पहिली बातमी सगळ्यांनी वाचली, दुसरी फार थोड्यांनी.

दुसरं उदाहरण जास्त दुःखद. २०११ मध्ये स्वीडनमध्ये पाओलो मॅकियारिनी ह्या सर्जनने प्लास्टिकची श्वासनलिका करून, तिच्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी टाकून बसवली. ह्या पेशी नळीला जिवंत करतील असा दावा होता. तसं झालं नाही. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली. संस्था नामांकित, नियतकालिक नामांकित, तरीही हे घडलं. पेशी टाकल्या म्हणजे ऊती उगवली असं नसतं. दगडावर बी टाकल्याने शेत होत नाही.

मग आमच्या गुडघ्याचं काय?

आता बहुतेकांच्या मनातल्या प्रश्नाकडे येऊ. एसटीतून निवृत्त झालेले एक काका माझे जुने रुग्ण. मधुमेह, वजन ८८ किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, एका ठिकाणी पोटाची चरबी काढून त्यातून स्टेम सेल देतात. तीन तासांत घरी. कूर्चा नवी येते म्हणतात. बाबांची एफडी मोडायचं ठरवलंय." काका गप्प होते. मी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि त्यांना दाखवला. दोन हाडांमधली फट आतल्या बाजूने संपलेली होती.

मी त्यांना जे सांगितलं ते इथे मांडतो. गुडघ्याची कूर्चा ही खरंच उगवून बसवता येते. स्वीडनमध्ये १९८७ पासून रुग्णाच्याच कूर्चापेशी काढून, वाढवून, परत बसवण्याचं काम सुरू झालं. १९९४ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. नंतर कोलॅजनच्या पडद्यावर ह्या पेशी वाढवण्याची पद्धत आली, तिला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण ही शस्त्रक्रिया आहे ती खेळताना किंवा अपघातात कूर्चेला एका जागी खड्डा पडलेल्या तरुणासाठी. भोवतीची कूर्चा धड असेल तर खड्डा भरता येतो. रस्ताच उखडला असेल तर खड्डे बुजवून उपयोग नाही. म्हातारपणीची झीज ही उखडलेल्या रस्त्यासारखी असते.

इंजेक्शनांचं काय? भारतात मूळपेशींच्या काही मोजक्या उत्पादनांना औषध नियंत्रकांची मान्यता आहे, त्यात गुडघ्याच्या झिजेसाठीचंही आहे. पण मान्यता मिळालेलं, प्रमाणित उत्पादन वेगळं आणि कुणीही आपल्या दवाखान्यात चरबी घुसळून तयार केलेलं इंजेक्शन वेगळं. शिवाय वेदना कमी होणं वेगळं आणि कूर्चा नवी उगवणं वेगळं. जाहिरातीत ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यात घालतात.

काकांनी सहा महिन्यांत सात किलो वजन कमी केलं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केले, साखर आटोक्यात आणली. उजवा गुडघा त्यावर भागला. डाव्याचा सांधा पुढच्या वर्षी बदलला. धातू आणि प्लास्टिकचा. तो उगवत नाही, वाढत नाही, पण काका आता जिना चढतात. २०१७ पासून ह्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली आहे, त्यामुळे खर्चही एफडीच्या आत बसला.

पैसे भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. हा उपचार माझ्या ह्याच आजारासाठी, माझ्या ह्याच टप्प्यासाठी मान्य आहे का? मान्यतेचा कागद दाखवाल का?

२. ही चाचणी असेल तर तिची सरकारी नोंदणी आणि नैतिक समितीची परवानगी कुठे आहे? आणि चाचणी असेल तर माझ्याकडून पैसे का? प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

३. पेशी कुठून येतात, कुठे वाढवतात? परांची किंवा पत्री कशाची, कुठल्या प्राण्याची?

४. दोन आणि पाच वर्षांनी किती रुग्ण ठीक आहेत? दोन महिन्यांनंतरचा व्हिडिओ पुरावा होत नाही.

५. नाही जमलं तर पुढे काय? नेहमीचा उपचार तेव्हाही शक्य असेल का?

गुडघा, मणका, मेंदू, स्वमग्नता, मधुमेह आणि टक्कल ह्या सगळ्यांवर एकच इंजेक्शन, अशी पाटी दिसली तर पहिला प्रश्नही विचारू नका. बाहेर पडा.

महाग जाळी आणि स्वस्त पांघरूण

कृत्रिम त्वचेच्या जाळ्या उत्तम आहेत, पण निम्मं अंग झाकायचं तर खर्च लाखांत जातो. आपल्याकडच्या डॉक्टरांनी म्हणून वेगळ्या वाटाही शोधल्या. मुंबईच्या डॉ. मनोहर केसवानी ह्यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची मलमपट्टी भाजलेल्या जखमांवर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे ह्यांनी केळीच्या पानांची पट्टी तशीच अभ्यासली. जखमेला न चिकटणारी, ओल टिकवणारी, पट्टी बदलताना न दुखणारी. (हे निर्जंतुक करून, रुग्णालयात वापरायचं असतं. घरी कृपया करू नये.) ह्या पट्ट्यांनी कातडी उगवत नाही, पण वेळ मिळतो.

खोल आणि मोठ्या जखमांसाठी मात्र अजून सगळ्यात भरवशाचं तात्पुरतं पांघरूण म्हणजे माणसाचीच कातडी, मृत्यूनंतर दान केलेली. शीव रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे. दान केलेली कातडी ग्लिसरॉलमध्ये, ४ अंश तापमानाला, काही वर्षं टिकते. ती कायमची बसत नाही. दोन-तीन आठवडे राहते, तोवर रुग्णाची मूळ कातडी घेतलेली जागा भरते आणि तिथून पुन्हा घेता येते. त्या मुलीच्या आईने जे एकटीने द्यायचा प्रयत्न केला, ते पेढीत अनेकांनी मिळून दिलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात चाळीस टक्के भाजलेला एक कामगार आता माझ्याकडे बीपीच्या गोळ्यांसाठी येतो. त्याला अशीच कातडी लावली होती. ती कुणाची हे त्याला कधी कळणार नाही. "कुणी का असंना डॉक्टर," तो म्हणतो, "तेवढे दिवस त्यानं मला झाकलं."

त्वचादानाबद्दल लोकांचे गैरसमज खूप आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. अठरा वर्षांवरचं कुणीही देऊ शकतं, वरची वयोमर्यादा नाही. मधुमेह, बीपी असलेलेही देऊ शकतात. एचआयव्ही, कावीळ बी व सी, त्वचेचा कर्करोग, रक्तात पसरलेला संसर्ग असेल तर घेत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही. पथक घरी येतं, पाऊण तासात काम होतं. मांड्या, पाय आणि पाठीवरचा फक्त पातळ पापुद्रा घेतात, मग पट्ट्या बांधतात. देह विद्रूप होत नाही, अंत्यविधीला उशीर होत नाही. नेत्रदानाबरोबरही हे करता येतं.

अर्ज भरून ठेवणं चांगलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्यांना सांगून ठेवणं. कारण त्या सहा तासांत फोन तेच करणार असतात, आणि त्यांना तुमची इच्छा माहीत नसेल तर ते करत नाहीत. आज रात्री जेवताना दोन मिनिटं काढून घरात एवढं बोला, आणि जवळच्या त्वचापेढीचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.